अस्थिर स्वार

माझा उजवा हात दिवसभर 'नको, नको' करत असतो. चहाचा कप समोर आला तरी नको, पाहुणे आले तरी नको. डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन हे नाव दिलं, तेव्हा माझ्या बायकोनं, वैजयंतानं विचारलं, "बरं हुईल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "सांभाळून राहायचं." सांभाळून राहायचं म्हणजे बरं होणार नाही, एवढं मला कळतं.

मी रावसाहेब ढवळे. साहेबपण फक्त नावात. कुरणपूर हे आमचं मागांचं गाव, आणि मी तिथल्या एका शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. कुठल्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडखळतोय, हे मला शेडच्या दारातच ऐकू यायचं. आता ते माग भंगारात गेले आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे बसवलं म्हणून. नुसतं बसून राहायचा माझा स्वभाव नाही.

हाताचं मला एवढं काही वाटत नाही. दगा देतात ते पाय. घरात चालता चालता उंबरठा आला की पाय जागच्या जागी थिजतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात, तू कोण सांगणारा? मग वैजू पुढं उभी राहून "एक, दोन" म्हणते, मी मनातल्या मनात पाऊल टाकत राहतो, आणि कधी तरी ते खरोखर पडतं.

पण त्याच मला सायकलवर बसवा. वैजू सायकल ओट्याला लावून धरते, मी ओट्यावरून टांग टाकतो, आणि जो सुटतो तो थेट जुन्या शेडजवळच्या चहाच्या गाड्यापर्यंत. ना अडखळणं, ना थिजणं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वैजू रस्त्यातच रडायला लागली. शेजारणीनं घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "काय न्हाई, मालक सुटले."

डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. चालताना प्रत्येक पाऊल मेंदूला आतून सुरू करावं लागतं, आणि या आजारात ते सुरू करणारी जागाच मंद होते. सायकलवर तसं नसतं. एक पाय खाली गेला की पेडल दुसऱ्याला वर घेऊन येतं, आणि वर आलेला पाय मेंदूला आठवण करून देतो की आता तुझी पाळी. ताल बाहेरून मिळतो. "जितकी चालवाल तितके मोकळे राहाल," डॉक्टर म्हणाले. इतक्या आवडीनं मी आयुष्यात कुठलं औषध घेतलं नव्हतं.

गाड्यावर इलाही मुजावर वाट बघत असायचा. आमची दोस्ती सायकलीवरूनच झाली. पूर्वी आमच्या गावात पाळीची सायकल असायची. दोघांत एक. रात्रपाळीचा माणूस सकाळी गल्लीत पोचला की सीट गरम असतानाच दिवसपाळीचा तीच घेऊन शेडकडं निघायचा, आणि संध्याकाळी उलट. मी आणि इलाही एका सायकलीवर अशी अर्धी हयात काढली. एकमेकांना भेटायचो ते उभ्या उभ्या, हँडल देता-घेता, तेवढ्यात सुखदुःखाचं बोलून घ्यायचं. म्हातारपणी एका बाकावर बसून चहा प्यायला मिळतोय, याचंच आम्हाला अप्रूप होतं.

हे मुद्दाम सांगतोय. माझं काय हिरावलं गेलं ते कळायला हवं.

पेट्रोल परवडेनासं झालं, बॅटरीच्या गाड्यांना लागणारे धातूही मिळेनासे झाले, तेव्हा सगळं कुरणपूर पुन्हा सायकलवर आलं. नगरपालिकेनं रस्ते नवे केले आणि त्यांच्याखाली केसासारखी बारीक काचेची तार घातली. मागोमाग नियम आले. माझ्या आज्याच्या सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता, तो नसला की पालिकेचा माणूस चाकातली हवा सोडायचा. आताचा बिल्ला म्हणजे मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूपच. रस्त्याला तुम्ही पसंत असलात तर त्यावर हिरवा दिवा. नसलात तर लाल, आणि कुलूप आपोआप लागतं.

रस्त्याला पसंती-नापसंती कुठून आली, ते मला माझ्या लेकीनं समजावलं. केतकी नगरपालिकेच्या सायकल विभागात इंजिनियर आहे, आणि हे यंत्र सांभाळायचं काम तिच्याकडंच. तारेच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सतत सोडत राहतात. काच कितीही शुद्ध असो, तिच्या प्रत्येक जागेवरून त्यातला कणभर प्रकाश माघारी येतोच. वरून काही गेलं की रस्ता दबतो, तार नकळत ताणली जाते आणि त्या जागेवरून माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं आला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून वर काय चाललंय ते कळतं. स्वाराचं वजन, चेनची खडखड, पायांचा ताल, हँडलाची थरथर, सगळं.

"म्हणजे तुझा रस्ता जॉबर हाय की," मी म्हणालो होतो. ती हसली होती. तेव्हा आम्ही एकमेकांशी हसत होतो.

पहिल्या नोंदणीसाठी नगरपालिकेनं खंडेनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी आम्ही मागांची, हत्यारांची, गाड्यांची पूजा करतो. लोक सायकली बाहेर काढतीलच, असा साहेब लोकांचा अंदाज. लोकांनी काढल्या, पण पूजेची सायकल म्हणजे काय हे साहेब लोकांना ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी गावात तेलाचा थेंब शिल्लक राहिला नाही. चेन धुतल्या, मडगार्ड आवळले, टायर टम्म केले. हँडलाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आणि मार्केट यार्डातल्या नोंदणीच्या वाटेवरून सगळे असे संथ, असे जपून गेले, की रस्त्याला वाटलं हे गाव असंच आहे.

पुढच्या आठवड्यात चेन सुकल्या, मडगार्ड पुन्हा वाजायला लागले, माणसं पुन्हा नेहमीच्या घाईत आली, आणि रस्त्याला कुरणपुरात ओळखीचं कोणी दिसेना. चौकाचौकात लाल दिवे. मागचं चाक उचलून सायकली ढकलत माणसं घरी निघालेली. मला तर हसून हसून ठसका लागला. नवरीचा लग्नातला फोटो घेऊन तिला भाजी मंडईत शोधायला गेले होते हे लोक.

मग यंत्राच्या कंपनीनं तोडगा काढला. ओळखायला बिल्ला पुरे. रस्त्यानं चेन, मडगार्ड सोडून द्यायचं आणि फक्त स्वाराची स्थिरता बघायची, म्हणजे पुढचं चाक किती थरथरतं ते. किती थरथरलं तर चालतं? त्यासाठी दर खंडेनवमीला सगळ्या गावाच्या नोंदणीतून एक पट्टा काढायचा. पट्ट्याच्या आतला तो स्थिर स्वार, बाहेरचा तो अस्थिर. अपघाताचा विमा देणाऱ्या कंपनीला ही कल्पना फारच आवडली, आणि अस्थिर स्वाराचा परवाना स्थगित करायचं कलम नियमात आलं. त्या वर्षापुरता पट्टा त्या पहिल्या खंडेनवमीवरूनच काढला.

संक्रांत झाली, कलम लागू झालं, आणि एका सकाळी ओट्यावरून टांग टाकली, तर बिल्ल्यावर लाल दिवा.

"अस्थिर स्वार," वैजूनं मोबाईलवरचा निरोप वाचला. "म्हंजे काय वो?"

"म्हंजे मी," मी म्हणालो.

संध्याकाळी केतकी घरी आली, चप्पल काढली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला सकाळीच कळलं होतं."

"मग थांबवलं न्हाईस?"

"थांबवता येत नाही. आणि खरं सांगू पप्पा? आलं असतं तरी थांबवलं नसतं."

दुसऱ्या दिवशी इलाही घरी आला, त्याची सायकल ओट्याला लागलेली होती, आणि तो आत वैजूकडं पाणी मागत असताना मी तिच्यावर टांग टाकून निघालो. बिल्ला इलाहीचा, दिवा हिरवा. मला वाटलं, रस्त्याला फसवलं. गांधी चौकापर्यंत वारा खात गेलो. चौकाच्या बरोबर मध्ये मागचं चाक कुणी हातानं धरावं तसं जड झालं, मग खट्‌कन कुलूप लागलं. मी पाय टेकवला, खाली उतरलो, आणि उभा राहिलो.

उभाच राहिलो. एका बाजूला सायकल, चारी बाजूंनी घंट्या, आणि माझे पाय डांबरात रुतल्यासारखे. एक पोरगी ओरडली, "ओ आजोबा, सरका की!" सरकता आलं असतं तर सायकल कशाला लागली असती, बाळ? हे मी मनात म्हणालो, कारण जीभही अशा वेळी जड होते. लोक मोबाईल काढून बघत होते. मला पायांचा राग आला नाही, रस्त्याचा आला.

केतकी आली ती पालिकेच्या गाडीतून. मला उचलून आत बसवलं. घरी पोचल्यावर तिनं दार लावलं.

"मागच्या वर्षी पाणंदीच्या नव्या रस्त्यावर तातोबा गवळी गेले, आठवतंय? त्यांनाही हेच होतं. टँकर आला, ते दचकले, हँडल गेलं."

"मी तातोबा न्हवं."

"पप्पा, रस्ता सगळं साठवून ठेवतो. चौकशीसाठी मला ते काढून बघावं लागलं. हात थरथरतोय, थरथरतोय, आणि मग एक मोठा ठोका. त्यानंतर काही नाही. मी ते बघितलंय." ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "रोज सकाळी तुम्ही निघालात की मी ऑफिसात पडद्यावर तुमची थरथर बघत बसायची. चहाच्या गाड्यापर्यंत. मग श्वास घ्यायची. आता मला निदान श्वास घेता येतो."

हे मला माहीत नव्हतं. लेक रोज माझ्याबरोबर गाड्यापर्यंत येत होती आणि मला पत्ता नव्हता. पण राग राग असतो. मी म्हणालो, "तुझ्या श्वासासाठी मी माझा बंद करू का?"

ती आत निघून गेली. वैजू दोघांच्या मध्ये उभी होती, तिनं गॅस बंद केला आणि त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

मी अर्ज-विनंत्या करणाऱ्यातला नाही, पण वैजूनं हट्ट धरला म्हणून मुख्याधिकारी पाटणकर साहेबांकडं गेलो. नगरपालिकेच्या दाराला चांगला दगडी उंबरठा आहे. तिथं मी थिजलो. वैजू "एक, दोन" म्हणत होती, शिपाई बघत होता, आणि शेवटी साहेबच उठून दारात आले. वयानं तरुण, बोलायला गोड, माणूस वाईट नाही. मागोमाग केतकीही फायली घेऊन आली, कारण सुनावणीला यंत्राची माहिती द्यायला तिलाच बोलावलं होतं. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या.

"ढवळे, तुम्हाला तर चालताही येत नाही," साहेब हळहळले.

"म्हणूनच आलोय," मी म्हणालो. "ती शिपायाची सायकल द्या जरा."

पालिकेच्या आवारात खाली तार नाही, हे मला केतकीच्याच तोंडून कधी तरी कळलं होतं. शिपायानं सायकल पायरीला लावून धरली. मी बसलो, आणि त्या आवारात झेंड्याच्या खांबाला वळसे घालत आठाचे आकडे काढले. एकदा नाही, साहेब पुरे म्हणेपर्यंत. खिडक्यांतून कारकून टाळ्या वाजवत होते. साहेबांनीही वाजवल्या.

"व्यक्तिशः मला पटलं," ते म्हणाले. "पण माझ्या पटण्यानं कुलूप उघडत नाही. तुमची थरथर पट्ट्याच्या बाहेर आहे."

"मग पट्टा सरकवा."

"पट्टा मी ठरवत नाही, ढवळे. पट्टा गाव ठरवतं. सगळ्यांची मिळून जी चाल येते तो पट्टा, याहून लोकशाही ती काय? आम्ही तुम्हाला पालिकेकडची एक जुनी बॅटरीची तीनचाकी खुर्ची मंजूर करतो."

"खुर्ची तुमची तुम्हाला लखलाभ," मी म्हणालो, आणि वैजूला म्हणालो, "चल." म्हणालो खरं, पण पाय हलेनात. ताठ मानेनं निघून जायचं सुखही या आजारात मिळत नाही. केतकी खाली मान घालून फाईल चाळत होती.

खुर्ची आली. मी तिच्यावर वैजूला मिरच्या वाळत घालायला सांगितल्या.

नंतरच्या दिवसांबद्दल फार सांगत नाही. पेडल सुटलं तसं अंग आखडत गेलं. आधी उंबरठ्याशी थिजायचो, मग पलंगाच्या कडेशी, मग कुठंही. इलाही रोज घरी यायचा, पण घरातला चहा तो घरातला चहा. आम्ही भिंतीकडं बघत बसायचो. एका रविवारी, सगळी घरात असताना, मी न्हाणीच्या दाराशी थिजलो, घाईनं पुढं झुकलो आणि तोंडावर पडलो. हनुवटी फुटली.

उचललं केतकीनं. दवाखान्यात टाके घातले, घरी आणून तिनंच रक्त पुसलं. पुसता पुसता थांबली.

"पप्पा, सायकलवरून कधी पडलाय?"

"लहानपणी. शिकताना."

"आजार झाल्यावर?"

"न्हाई."

तिनं हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाली, "मी एकट्या तातोबांचं बघितलं. ते पडले ते टँकरला दचकून. दचकून कोणीही पडतं. आणि इथं घरात, माझ्या डोळ्यांसमोर..." मी डाव्या हातानं, जो हात ऐकतो त्या हातानं, तिच्या डोक्यावर थोपटलं. तिला पोरपणी राग यायचा तो असाच, दुसऱ्यापेक्षा स्वतःवरच जास्त.

दुसऱ्या दिवशी तिनं माझा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला, शेजारी मोबाईल ठेवला आणि थरथर मोजली. "एका सेकंदाला पाच," ती पुटपुटली. मला वाटलं डॉक्टरांना कळवायचं असेल. मग ती माझ्या सायकलीचं पुढचं चाक फिरवत, टेपनं मोजत बसली. काय करतेस, तर म्हणे काही नाही. पुढं नवरात्र बसलं, तर वैजूनं माळ्यावरचे जुन्या सुताचे शंकूसारखे कोन खाली काढले. वैजूनं शेडमध्ये जन्मभर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या, सूत तिच्या जिवाभावाचं, म्हणून मी विचारलं नाही. पण ती रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या गल्लीत जायला लागली, परत आली की केतकी आणि ती स्वयंपाकघरात कुजबुजायच्या, आणि मी दाराशी आलो की गप्प. मला दाराशी यायला वेळ लागतो, हे दोघींना सोयीचं होतं. माझ्या पाठीमागं काही तरी शिजतंय एवढं कळलं. वाईट वाटलं. वाटलं, या दोघी आता माझ्याशिवायचं घर चालवायला शिकतायत.

खंडेनवमीला मी जाणार नाही म्हणालो. स्थगित परवान्याच्या माणसाला त्या दिवशी फेरनोंदणीची संधी असते, नोंदणीच्या वाटेपुरतं कुलूप उघडतं. पण पट्टा तोच येणार, तर पुन्हा सगळ्या गावासमोर अस्थिर कशाला ठरू? वैजूनं ऐकलं नाही. मला रिक्षात घातलं, सायकल मागं बांधली, इलाहीला शेजारी बसवलं आणि मार्केट यार्डात नेलं.

पहिली नोंदणी पाटणकर साहेबांची, फोटोसाठी. त्यांची सायकल परदेशी, पाण्यावरून जावी तशी बिनआवाज गेली. टाळ्या झाल्या. मग रांग सुरू झाली. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, तेल लावलेल्या चेन, सगळं नेहमीचं. तरी काही तरी वेगळं होतं. ते मला आधी ऐकू आलं, मग दिसलं.

टुक, टुक, टुक.

कांड्या भरणारी एक बाई वाटेवरून गेली. टुक, टुक, टुक. मागोमाग शाळेची बाई. टुक, टुक, टुक. मग किराणावाला, मग पोस्टातला माणूस. मी मान पुढं काढून बघितलं. प्रत्येकाच्या पुढच्या चाकावर, टायरसकट रिमला, सुताचे घट्ट वेढे आणि वर गाठ. तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर. लाल, पिवळ्या, हिरव्या, जे सूत घरात होतं ते. चाक फिरलं की गाठ रस्त्यावर आपटायची. मांडीवर माझा हात थरथरत होता. हात आणि तो आवाज एका तालात होते.

"इलाही," मी म्हणालो, "ह्ये काय हाय?"

"तुझा हात हाय," इलाही म्हणाला. "चाक एका चकरेत तीनदा आपटतंय, बेताच्या वेगानं एका सेकंदाला पाच. गणित तुझ्या लेकीचं. गल्ल्या तुझ्या बायकोनं फिरून काढल्या. गाठी मारायचं आमास्नी कोण शिकवणार, रावसो? विणणाऱ्यांचं गाव हाय ह्ये."

"तुमी सगळ्यांनी... माझ्यासाठी?"

"तुझ्या एकट्यासाठी कशाला? उद्या माझा हात हालंलच की. कुणाचा हालणार न्हाई?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि लपवायचं म्हटलं तरी चेहऱ्यावर हात न्यायला मला वेळ लागतो.

पाटणकर साहेबांच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. ते रांगेपाशी आले. "हे चाकाला काय बांधलंय?"

"पूजेचा दोरा," रांगेतली एक बाई म्हणाली.

"मागच्या वर्षी नव्हता."

"मागच्या वर्षी आमाला अक्कल न्हवती, साहेब."

साहेबांनी यंत्राच्या टेबलाकडं बघितलं. केतकी पडद्यामागं बसली होती, चेहऱ्याचा रंग उडालेला, पण बोटं चालूच. तिच्या पाठीमागं तिची सायकल होती, पुढच्या चाकाला तीन लाल गाठी. साहेब समजले. रांग मोडावी, तर पूजेच्या दिवशी पूजेच्या सायकली अडवल्या असं झालं असतं, आणि गाव कसलं आहे ते त्यांनाही आता माहीत होतं. ते मागं सरकून उभे राहिले.

माझी पाळी आली. वैजूनं सायकल कठड्याला लावून धरली. इलाही खिशातलं सूत काढून पुढच्या चाकाशी वाकला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "मला काय गरज?"

आणि सुटलो. इतक्या महिन्यांनी पायांखाली पेडल आलं आणि पायांना जाग आली. एक खाली, एक वर, तुझी पाळी, तुझी पाळी. हात हँडलवर त्याचं नेहमीचं काम करत होता, दांड्यातून चाकात, चाकातून रस्त्यात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला आवरावंसं वाटलं नाही. थरथर बाबा, मी म्हणालो, हवी तेवढी थरथर. बघ, सगळं गाव तुझी नक्कल करतंय.

संध्याकाळी नोंदणी संपली. यंत्रानं गावाचा नवा पट्टा काढला आणि बिल्ल्यांना धाडला. यार्डात सगळीकडं हिरवे दिवे लागले. माझ्या मागच्या चाकावर खट्‌ असा आवाज आला आणि कुलूप उघडलं. वैजूनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

तेवढ्यात दुसरीकडून तसाच एक आवाज आला. पाटणकर साहेबांच्या परदेशी सायकलीवर लाल दिवा होता. सगळ्या कुरणपुरात त्यांचंच चाक काय ते गुळगुळीत गेलं होतं.

साहेब केतकीसमोर जाऊन उभे राहिले. "ढवळे मॅडम, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

केतकी उठून उभी राहिली. तिचे हात कापत होते, आमच्याच घराण्यातली शोभेल असे. "कळतो साहेब. पण पट्टा मी ठरवत नाही. पट्टा गाव ठरवतं."

"नोकरीचा विचार केलात?"

"केला. मग गाठी मारायला बसले."

साहेब वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, उद्या हे दोरे सोडलेत की अख्खं गाव अस्थिर ठरेल! सगळ्यांना कुलपं लागतील. मी काय करायचं?"

"सोडतंय कोण?" वैजू म्हणाली. "झिजलं की पुन्ना बांधणार. सूत काय कमी हाय का आमच्याकडं? कलम जाईपतोर गाठी ऱ्हाणार."

साहेब बंद चाकाच्या सायकलीशेजारी उभे होते, कुठं जावं ते न सुचलेले. मी त्यांना तसं बघितलं आणि मला गांधी चौकातला मी आठवलो. राग होताच, पण तसं मध्येच उभं राहणं मी कुणाला देणार नाही.

मी वैजूला सायकल धरायला सांगून टांग टाकली आणि त्यांच्यापर्यंत गेलो. सीटवर बसूनच एक पाय त्यांच्याजवळच्या कठड्यावर टेकवला.

"साहेब, घर लांब हाय तुमचं. बसा मागं."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग कॅरियरकडं.

"डबलसीटला मनाई आहे, ढवळे."

"ते कलम पण काढायचंय," मी म्हणालो. "बसा, वाटेत बोलू."